पंचवीस मिनिटांचं नाशिक

चिंचवडहून नाशिक पंचवीस मिनिटांवर आहे, असं मी माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ते सासरे व्हायचे होते, आणि त्या एका वाक्यानं जवळजवळ व्हायचे राहिले.

त्याआधी दोन स्थळं 'मुलगी लांब पडेल' म्हणून फिरली होती. त्यामुळे नाशिकच्या काकांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, "यायला वेळ किती लागतो हो?" असं विचारताच मी घाईघाईनं मोबाईलवर अंतर शोधलं. रस्त्यानं साडेचार तास. हवाई मार्गानं पंचवीस मिनिटं. मी खालची ओळ वाचून दाखवली.

"म्हणजे विमानानं?"

"हो, विमानानं." (खोटं कुठं होतं? पुण्याहून नाशिकला विमान जातं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी पाहिलं नाही.)

"मग रविवारी अकराला या," काका म्हणाले. आवाजात एकदम आदर आला होता.

रविवारी सकाळी सहाला आई, बाबा आणि मी आमच्या जुन्या गाडीतून निघालो. साडेसातला आम्ही चाकणच्या अलीकडे, निघोज्याच्या फाट्याशी उभे होतो. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे आम्ही. याच फाट्यावरून मी रोज कंपनीत जातो.

"रोज इथं अडकतोस ना रे? मग तुला ठाऊक नव्हतं?" आईनं विचारलं.

"रविवारी नसेल, असं वाटलं."

"वाटलं," बाबा म्हणाले. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. अंदाजानं केलेली कुठलीही गोष्ट त्यांना सहन होत नाही.

चाकण सुटायला नऊ वाजले. नारायणगावजवळ मुलीचा, म्हणजे मेघनाचा, फोन आला.

"तुम्ही कुठल्या गेटनं बाहेर येताय?"

"कसलं गेट?"

"विमानतळाचं. पप्पा, माझे दोन चुलते आणि आत्या हार घेऊन उभे आहेत. पप्पांनी नवीन शर्ट घातलाय."

मी गाडी बाजूला घेतली. "मी नारायणगावात आहे."

तिनं विचारलं, "विमान तिथं उतरवलं का?"

मी सगळं कबूल केलं. ती हसली नाही. म्हणाली, "पप्पांना मी सांगते. तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की अंतर कमी होतं."

आम्ही पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. हार सुकला होता, तरी काकांनी तो घातला. बाबांना. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा मुलगा पंचवीस मिनिटं म्हणाला होता."

"त्यानं दिलेलं कुठलंही माप एकदा तपासून घ्यायचं," बाबा म्हणाले. "मी त्याच्या जन्मापासून तेच करतोय."

काकांना हसू आवरेना. पोह्यांची वेळ टळून गेली होती, म्हणून आत्यांनी थेट जेवायलाच वाढलं.

जेवणानंतर आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. मी विचारलं, "तुम्हाला लांब पडेल ना?"

"पडेल," मेघना म्हणाली. "पण एक बरं आहे. तुम्ही थाप मारलीत की चार-पाच तासांत आपोआप कळतं."

तिनं होकार दिला. लग्नाला आता तीन वर्षं झाली, आणि माझी थाप पकडायचा वेळ तिनं चार मिनिटांवर आणलाय.