तसंही जाणारं जंगल

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी पडद्यावरच्या नकाशातल्या तपकिरी डागावर बोट टेकवलं. मला क्षणभर बरं वाटलं. चला, कुणीतरी नीट पाहिलं.

मृणाल आणि मी कित्येक वर्षं संगणकावर सह्याद्रीचं जंगल वाढवत होतो. झाड पाणी कसं ओढतं, सावलीत रोप कसं तग धरतं, उन्हानं कधी मान टाकतं, हे सगळं गणितात बसवून आम्ही डोंगररांगांचं भविष्य नकाशावर उतरवलं होतं. तपकिरी रंग होता तिथली झाडं नातवंडांच्या काळात वाळणार होती. ती वाचवायला अजून वेळ आहे, एवढंच सांगायला आम्ही त्या सरकारी बैठकीत गेलो होतो.

"हा पट्टा तसाही जाणारच आहे ना?" साहेब म्हणाले. "मग नवा रस्ता इथूनच काढू."

"साहेब, ते जंगल आज उभं आहे," मृणाल म्हणाली.

"गणित तुमचंच आहे, मॅडम."

ऊन, पाऊस, माती सगळं आम्ही धरलं होतं. माणूस तेवढा धरायचा राहिला. आता आमचं भाकीत खरं ठरेल, वेळेच्या कितीतरी आधी. आणि लोक आमचं कौतुक करतील.