चढावरचा दगड

वडील माथेरानला हातरिक्षा ओढत. आमचं गाव डोंगराच्या तळाशी, कर्जतच्या बाजूला. सकाळी गावातले कामगार एकत्र पायवाटेने वर चढत आणि वडील सगळ्यांच्या पुढे असत. चढ संपत येतो तिथे शेंदूर फासलेला एक दगड आहे. वडील तिथे छातीवर हात ठेवून बराच वेळ वाकून राहत. मागून येणारेही तसेच वाकू लागले. एका सकाळी वडील वाकले ते उठलेच नाहीत. देवानं पायाशी घेतलं, असं गावानं ठरवलं आणि रीत पक्की झाली.

माझी धाकटी बहीण डोंगरातल्या लांब शर्यती धावते. सराव त्याच वाटेवर. वडिलांचे एक जुने साथीदार, ज्यांना आम्ही काका म्हणतो, तिला चिडवत. एका सकाळी चढताना म्हणाले,

"बापाचा दम आलाय गं तुला. त्यो घोड्याला मागं टाकायचा."

"घोड्याला थांबायला तरी मिळायचं, काका."

"मग तू कशाला थांबतेस दगडापाशी?"

"नमस्कार नको करायला?"

काका खूश झाले. मी त्यांच्या मागून चढत होतो. दगडापाशी ती वाकली. तिचा हात छातीवर होता, पण तळवा पसरलेला नव्हता. बोटांनी टी-शर्ट आवळून धरला होता. लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर जायचो, तेव्हा त्यांची बोटंही सदरा अशीच धरत.

मी तिला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर हृदयाची जाड भिंत दाखवली. खूप धावणाऱ्यांची भिंत जाड होते, तशी ती घराण्यातून आलेल्या दोषानेही होते. फरक कळावा म्हणून त्यांनी काही महिने धावणं बंद करायला सांगितलं. जाडी सरावाची असेल तर ती कमी होईल, भिंत उतरेल.

"आणि दम?" तिने विचारलं.

"तो अनेक जनुकांतून येतो, सरावातूनही येतो. हा दोष एखाद्याच जनुकातला असू शकतो. दोन्ही एकाच माणसाकडून आलेले असू शकतात."

बूट दारातच राहिले. सकाळी वाटेवर कामगारांची पावलं वाजली की ती अंथरुणात उठून बसे. एकदा म्हणाली, "दादा, भिंत उतरली तर मी धावणार. नाही उतरली, तर बाबांना देवानं नेलं नव्हतं."

भिंत उतरली नाही. माझीही तपासणी झाली. माझं हृदय साधं निघालं. दमही मला कधी नव्हता.

काकांना सांगितलं, तेव्हा ते ओट्यावर टेकले.

"म्हंजे आमी त्याच्या दुखन्याच्या पाया पडत होतो."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. दगडापाशी सगळे वाकले, तेही वाकले. बहीण आता धावत नाही. दगडापर्यंत सावकाश येते आणि परत फिरते. मी तिच्या मागे असतो. वाटेत कुणी वाकलेलं दिसलं की त्याचा हात बघतो. तळवा पसरलेला असला, तर पुढे जातो.