पहिला पेला

आमच्या घरात भांडणं आवाज करून कधी झाली नाहीत. ती भाकरीवरून व्हायची आणि मुक्यानं व्हायची. मी ताटात एक भाकरी वाढून मागं सरायची. मामंजी आधी ताटाकडं बघायचे, मग भाकरीच्या दुरडीकडं, मग भिंतीकडं, आणि भिंतीलाच विचारायचे, "एवढ्यात मांजराचं तरी भागतंय काय?" मी दाराआडून आमच्या यांना सांगायची, "डॉक्टरांनी एकच सांगितलीय म्हणावं." हे मधे बसून मुकाट्यानं जेवायचे. दोघांनाही सगळं ऐकू गेलेलंच असायचं, त्यामुळं निरोप्याला काही काम नसायचं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी आजऱ्याकडची, लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला वर्ष झालं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळं चूल पहिल्या दिवसापासून माझी, आणि चुलीबरोबर सासराही माझ्याच पदरात पडला. सासऱ्याशी सरळ बोलायची आमच्यात रीत नव्हती. डोक्यावर पदर आणि मधे एखादं माणूस, नाहीतर भिंत.

घरचा धंदा दुधाचा. गोठ्यात म्हशी, सकाळी घरोघरी रतीब आणि संध्याकाळी कट्टा. गंगावेशीकडं आजही संध्याकाळी म्हशी आणून रस्त्याकडेला बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळतं दूध हातात देतात. आमच्या बोळाच्या तोंडाशीच आमची जागा होती. घराच्या उंबऱ्यात उभं राहिलं की कट्टा दिसायचा. दिसायचा म्हणजे मी चोरून बघायची. घरातली बाई तिकडं जात नसे, तिथं सगळा बाप्यांचा बाजार.

मामंजींची एक पद्धत होती. पहिली धार निघाली की पहिला पेला त्यांचा. सगळ्यांच्या देखत तो तोंडाला लावायचा, मिशीवर फेस तसाच ठेवायचा आणि पोटावरून हात फिरवत म्हणायचं, "दूध कसं हाय हे इचारू नगासा. माझ्याकडं बघा." बघण्यासारखं पुष्कळ होतं. सदऱ्याची बटणं रोज कसोटी द्यायची. त्या पोटावर आमचा धंदा चालायचा असं म्हटलं तरी खोटं नाही.

त्या उन्हाळ्यात गोठ्याचा उंबरा चढताना त्यांना धाप लागली आणि ते वैरणीवर बसले, ते लवकर उठलेच नाहीत. त्यांचे थोरले भाऊ असेच होते, तसेच देहाचे, तसेच खाणारे. दुपारी रस्सा ओरपून हसत हसत आडवे झाले आणि चहाला उठवायला गेलं तर अंग गार. घरात प्रत्येकाला तेच आठवलं.

पेठेतल्या डॉक्टरांनी छाती तपासली, दाब बघितला आणि वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन धडकला. शेवटी सरकी पेंडीच्या दुकानात, जिथं पोती मोजतात तिथं, मामंजींना मोजलं. ते आकडा ऐकून खूश झाले. डॉक्टर नाहीत झाले. म्हणाले, "हे उतरवलं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही. दूध, साय, लोणी बंद. मटण बंद. भाकरी एक. आणि चालायचं, घाम येईपर्यंत." मग माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाले, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

असं ते माझ्यावर आलं. कोल्हापुरात सुनेनं सासऱ्याच्या ताटात कमी वाढायचं! पाहुण्याला सुद्धा "घ्या की वो" म्हणून बळंबळं वाढणारं हे गाव. मी माहेरचं आठवून आठवून करायला लागले. नाचणीचं आंबील, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, लोणी पुरतं काढलेलं ताक, मुळ्याची नाहीतर काकडीची कोशिंबीर, पालेभाजी. पहिल्या दिवशी माडगं बघून त्यांनी भिंतीला विचारलं, "हे म्हशीचं चुकून इकडं आलं काय?" मला हसू आलं आणि रागही आला. पण खाल्लं त्यांनी. थोरल्या भावाचं भय माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होतं.

चालायचं तर नुसतं चालणं त्यांना पटेना. कामाशिवाय हिंडणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा. मग त्यांनी गड्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हशी धुवायला पंचगंगेवर स्वतः न्यायला लागले. म्हैस तिच्या चालीनं चालणार, त्यात घाम कुठला यायला? म्हणून ते पुढं जायचे, परत मागं यायचे, सगळ्यात मागच्या म्हशीला हाकून पुन्हा पुढं. वैरण तोडायची तीही स्वतः. गडी कडेला बसून विडी ओढायचा आणि मालक घामाघूम. हळूहळू धाप कमी झाली. सदऱ्याला सुरकुत्या पडायला लागल्या.

सदरे आत घ्यायला ते त्यांच्या लहानपणापासूनच्या दोस्ताकडं गेले. हे चाचा बोळाच्या टोकाला शिवणकाम करायचे, आणि कट्ट्यावर मामंजींच्या पाठोपाठ दुसरा पेला ठरलेला तो त्यांचा. टेप लावून ते म्हणाले, "आरं दोस्ता, कापड हितंच हाय, माणूस कुठं गेला?" मामंजींनी त्यांना खरं सांगितलं आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली.

का बोलायचं नाही, हे मला आधी कळेना. सांगून टाकावं की डॉक्टरांनी दूध बंद केलंय. यांनी तसं सुचवलं तर मामंजी उसळले, "दूधवालाच म्हणाय लागला मला दूध सोसत न्हाय, तर गिऱ्हाइकानं कशापायी प्यावं? पोराबाळास्नी कशापायी पाजावं?" पहिला पेला बंद झाला, आणि का बंद झाला हे मात्र कुणाला सांगायचं नव्हतं.

दसरा गेला. कागलला नात्यातलं जेवण होतं. मामंजी एकटेच गेले आणि पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडले. आग्रह म्हणजे निमित्त, माणूस किती दिवसांचा उपाशी होता! तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर बासुंदी. घरी येऊन सरळ झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे म्हशी घेऊन नदीला गेले.

मी दारात सडा टाकत होते. म्हशी बोळात शिरल्या, ओल्या, आपल्या पायानं, सवयीनं. मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. म्हशी गोठ्यात जाऊन आपापल्या दावणीला उभ्या राहिल्या आणि बोळ मोकळा पडला. माझ्या हातातली बादली तिथंच पडली. हे आणि गडी धावत सुटले. मामंजी घाटाच्या पायरीवर सापडले, छातीला हात लावून बसलेले, अंगावर घामाची आंघोळ. डॉक्टरांनी सुई दिली आणि बाहेर येऊन यांना एवढंच सांगितलं, "या वेळी उशिरा का होईना, ते परत आले. पुढच्या वेळी नुसत्या म्हशीच येतील."

त्यानंतर भिंतीशी बोलणं थोडं कमी झालं. पंधरवडाभर पडून राहिले, मग पुन्हा काठी घेतली. पण दुखण्यानं चेहरा ओढला होता, गालफडं बसली होती. आणि लोकांच्या जिभेला हाड नसतं.

नळावर शेजारच्या काकी सगळ्यांत मला म्हणाल्या, "सासऱ्याचं पार चिपाड केलंस की गं. आजऱ्याकडं सासऱ्याला जेवाय घालत न्हाईत व्हय?" बाकीच्या हसल्या. मी घागर भरली आणि घरी येऊन चुलीपुढं बसून रडले. मला दिवस जाऊन चार महिने झाले होते, त्यात रडू फार लवकर यायचं. पण काकींचं परवडलं. पुढं निघालं की मालकाला टीबी झालाय. मग कुणी डोकं चालवलं: मालक आपला पेला घेत नाही, म्हणजे म्हशीतच काहीतरी रोग असणार, मालकालाही तिचंच लागलंय, घरचं एकही माणूस ते दूध पीत नाही. रतीब तुटायला लागले. सकाळी भरून गेलेल्या किटल्या तशाच परत यायच्या. कट्ट्यावर पलीकडच्या गवळ्यापाशी गर्दी आणि आमच्या म्हशी पान्हा सोडून उभ्या. एकदा यांनी सगळ्यांसमोर पेला पिऊन दाखवला, तर कुणी म्हणालं, "धंद्यापायी तू ईखबी पिशील." चाचा तेवढे रोज येऊन दुसरा पेला पिऊन जायचे. शपथ घातलेली म्हणून तोंड उघडत नव्हते, पण एकट्या माणसानं किती प्यावं?

मला आता मामंजींचीच धास्ती होती. जेवताना ते आता भाकरी मागतही नव्हते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. हा माणूस एक दिवस पेला उचलणार. आणि एकदा उचलला की तो रोज उचलावा लागणार. पेल्यामागून साय येणार, सायीमागून लोणी, मटण. मग एका सकाळी नुसत्या म्हशी.

तो दिवस आलाच. संध्याकाळी मी धारेची चरवी घासून गड्याजवळ दिली आणि उंबऱ्यात उभी राहिले. यांनी धार काढली. समोर एक दांडगा मिशाळ गृहस्थ उभा होता, आमचं जुनंच गिऱ्हाईक, भोवती दहाबारा जण. तो मोठ्यानं म्हणाला, इतका मोठ्यानं की मला दारात ऐकू आलं, "मालक, आधी तुमचा पेला हुंदे. मगच आमचा. न्हायतर सांगून टाका, म्हशीला काय झालंय."

चाचांनी तोंड उघडलं तसा मामंजींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि यांच्यापुढं हात केला. "भर."

यांनी बापाकडं बघितलं. पेला भरला, पण पुढं करेनात. मामंजींनी तो हातातून ओढून घेतला. फेस काठावरून खाली सांडला.

मी उंबरा कधी ओलांडला, मला माहीत नाही. एवढं आठवतं की पायांत चप्पल नव्हती आणि बोळ संपता संपेना. बाप्ये बाजूला झाले, कारण कट्ट्यावर बाई आलेली त्यांनी आधी कधी बघितली नव्हती. मी मामंजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. सासऱ्याच्या हाताला त्याआधी कधी माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

मला दिवस गेल्यापासून दुधाचा वाससुद्धा सोसत नव्हता. निरसं, कोमट, म्हशीच्या अंगाचा वास असलेलं ते दूध. पदर डोक्यावर ओढून, सगळ्यांकडं तोंड करून मी ते प्यायले. मधे एकदा घशाशी आलं. मी डोळे मिटले आणि उरलेलंही संपवलं. पेला उलटा करून यांच्याजवळ दिला. माझं पोट आता लपत नव्हतं, आणि सगळ्यांची नजर तिथंच गेली. वंशाचं पहिलं पोर पोटात असताना रोगट म्हशीचं दूध कोणतं घर सुनेला पाजेल?

चाचांनी आपला पेला पुढं केला. "घाल रं पोरा. आज मला दोन."

मग मिशाळ गृहस्थानंही खाली बघत हात पुढं केला.

मी परत आले ती तशीच मोरीत गेले. भिंत धरून ओकत राहिले. थोड्या वेळानं दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, हे आले असतील. पदरानं तोंड पुसून बघितलं तर मामंजी. कट्टा सोडून आले होते. माझ्याकडं पाठ करून, कोनाड्याकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"सूनबाई," ते भिंतीला म्हणाले, "उद्यापास्नं मला अर्धीच भाकरी घाल."

मधे कुणी नव्हतं. हे कट्ट्यावर होते. निरोप द्यायला माणूस नव्हतं.

"अर्धी नको," मी म्हणाले. "एकच खावा. डॉक्टरांनी एक सांगितलीय."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडून माझ्याकडं वळले.