पश्चिमेच्या खिडकीवरची चादर

ही गोष्ट मी अनेक वर्षं टाळत आलो. गल्लीत विषय निघाला की "शेजाऱ्यानं दगा दिला" एवढंच म्हणायचो. लोक मान डोलवायचे. खरं काय घडलं ते आता लिहितो.

सोलापुरातलं आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून बायको पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. एप्रिलमध्ये दुपारनंतर तिथली भिंतसुद्धा हाताला चटका द्यायची. कूलर घ्यावा तर नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मी आतून जाड पडदा लावला. तो बघून शेजारचा यंत्रमागवाला हसला. तीस वर्षांचा आमचा स्नेह.

"मास्तर, ऊन आत आल्यावर त्याला अडवून काय उपयोग? बाहेरच थोपवा की!"

त्यानं मागावरची एक डागी चादर आणली आणि खिडकीबाहेर, वीतभर अंतर सोडून टांगली. "दुपारी सोडायची, दिवेलागणीला गुंडाळायची," असं बजावूनही गेला. खोली खरंच निवली. मी खूश. पण वाऱ्यानं चादर फडफडायची, म्हणून मी चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले आणि गुंडाळणं सोडून दिलं. पश्चिमेच्या खिडकीवर सकाळी ऊन नसतंच, हे शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, गल्ली दिसत नाही."

"थंड वाटतंय ना? मग झालं."

एका दुपारी बाजारातून आलो तर चादर गायब. समोरच्या बाईंनी शेजाऱ्याला खिळे उपसताना पाहिलं होतं. मी तडक त्याच्या कारखान्याच्या दारात गेलो आणि मागांच्या खडखडाटावर आवाज चढवला, "आजारी बाईच्या खिडकीवरचं नेताना लाज नाही वाटली?"

गल्ली गोळा झाली. त्यानं एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं. "उद्या देतो, मास्तर," एवढंच म्हणाला.

सकाळी चादर उंबऱ्यावर होती. तिला नाड्या शिवलेल्या, आणि खाटेवरून ओढता येईल अशी लांब दोरी.

समोरच्या बाई म्हणाल्या, "ओरडलात म्हणून आली बघा परत."

"नाहीतर काय!" मी म्हणालो.

आत बायको रडत होती. "मीच सांगितलं भावजींना. तुम्ही ऐकत नव्हता. तुम्हाला कळू देऊ नका म्हटलं, वाईट वाटेल तुम्हाला."

वाईट तर वाटलंच. इतक्या वर्षांच्या बायकोनं आपला कोंडमारा शेजाऱ्याला सांगितला, आणि त्यानं तो माझ्यापासून लपवला. दोघांनी मिळून मला फसवलं, हेच मी धरून बसलो. बाहेर जाऊन खरं सांगायचं तर माझी बायको मला सांगायला कचरते हे गल्लीला कळलं असतं. मी गप्प राहिलो. त्यानंही शब्द पाळला. लोक त्याला चादरचोर म्हणून चिडवायचे, तरी बोलला नाही.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात माग विकून तो मुलीकडे अकलूजला निघाला. सामान टेम्पोत चढलं होतं. वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो : तुम्ही चोर नव्हता, खोटा मी होतो, मला माफ करा.

"बोला, मास्तर," तो म्हणाला.

पायरीवर समोरच्या बाई उभ्या होत्या.

"अकलूजला ऊन जरा कमी असेल," मी म्हणालो.

"असेल," तो म्हणाला, आणि टेम्पोचं दार धरून आणखी थोडा वेळ थांबला.