न घडलेल्याचे मार्क

परदेशात पुढे काय घडेल, याचे अंदाज सरकारला लिहून देणाऱ्या कार्यालयात मी नोकरी केली. लालबागच्या आमच्या चाळीत मी नुसतं "सरकारी ऑफिस" म्हणायचे आणि कुणी पुढे विचारायचं नाही. चौकशा करायची खोड सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना वरून हुकूम आला, की अंदाज लिहिणाऱ्यांची कामगिरी मोजा. ते काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. अंदाज खरा ठरला तर मार्क, नाही तर भोपळा. मला यात भलताच रस वाटू लागला. "तिथे सारं शांत राहील" असं दर महिन्याला लिहिणारे एक गृहस्थ सगळ्यांत वर आले. त्यांच्या वाट्याचा देशच झोपाळू होता, त्याला ते तरी काय करणार!

तळाला होती दादरहून येणारी एक तरुण मुलगी. हुशार आणि हट्टी. आणखी एक भोपळा मिळाला, की तिची रवानगी रजेचे अर्ज तपासायला होणार होती. तिने एका बंदराबद्दल लिहिलं होतं, की आपलं जहाज तिथे लागलं तर जमाव ते पेटवून देईल. त्यावरून जहाज दुसरीकडे वळवलं गेलं. अर्थातच काही पेटलं नाही.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरचा खलाशी सुट्टीवर घरी आला. त्याच्या आईने मला बांगड्याचं तिखलं खायला बोलावलं होतं. मी सहज विचारलं, "कसा झाला रे प्रवास?"

"काय सांगू मावशी! एका बंदरात उतरून आईला ब्लँकेट घेणार होतो, तर ऐन वेळी जहाजच वळवलं. कुणीतरी एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकतो, झालं!"

"गप जेव रे," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

मी बंदराचं नाव विचारलं. तेच होतं.

सोमवारी साहेबांना म्हटलं, "जे टळलं ते कशात धरायचं?"

"मॅडम, रकाने दोनच आहेत. घडलं आणि नाही घडलं."

मी पुष्कळ वाद घातला. शेवटी साहेबांनी स्वतःच भोपळा भरला.

निकाल तिला मी सांगितला. ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे ते जहाज तिथे गेलं असतं आणि माणसांसकट जळलं असतं, तर मला मार्क मिळाले असते?"

"हो," मी म्हटलं, "पैकीच्या पैकी."