आईची थंड पाण्याची जागा

माझी आई काकूवर जळायची. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाही. तिने स्वतःच मला सगळं सांगितलंय, आणि वर बजावलंय, "सांगायचंच तर धड सांग. मला उगाच गरीब गाय करू नकोस."

आई आणि काकू सख्ख्या जावा. दोन घरांना मधली भिंत एकच, मागचं अंगण एक, नळही एकच. आई किनाऱ्यावरच जन्मलेली. लहानपणापासून ओहोटीला प्रवाळाच्या खडकांवर जायची, हातात लोखंडी आकडा, कमरेला पिशवी. बिळात दबून बसलेला ऑक्टोपस दोन बोटं आत घालून ओळखायची. खडकन्‌खडक तिच्या माहितीचा, आणि बऱ्याच खडकांना नावंही तिनेच ठेवलेली: म्हातारीचा जबडा, उंबरठा, रुसलेली. शाळा मात्र चौथीत सुटली.

काकू आली ती समुद्रापासून दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या शहरातून. शिकलेली, अक्षर सुरेख, पण गुडघाभर पाण्यातही काकाचा दंड सोडायची नाही. तिला पोहायला शिकवलं आईने. तीन आठवडे रोज पोटाखाली हात धरून. "दगडाला शिकवणं सोपं, तो निदान किंचाळत नाही," असं आई तेव्हा गावभर सांगत फिरायची. काकूही हसायची. तोवर सगळं ठीक होतं.

मग गावात डॉक्टरबाई आल्या, प्रवाळाचा अभ्यास करणाऱ्या. मी इथल्या दवाखान्यात नर्स आहे. पहिल्याच आठवड्यात दोन म्हातारे त्यांना गुडघे दाखवायला रांगेत बसले होते. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं, इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरबाई. बाई चांगल्या होत्या. घरोघरी जाऊन बसल्या, कोण कुठे मासे धरतं ते विचारलं, आणि सहा महिने ऐकून घेतल्यावरच तोंड उघडलं. खडकांचा एक तृतीयांश भाग तीन वर्षं बंद ठेवायचा, तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, आकडा चालवायचा नाही, आणि मोडलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे लोखंडी चौकटींवर बांधून वाढवायचे, असं ठरलं. बंद होणाऱ्या भागात आईच्या निम्म्या जागा होत्या. तरी सभेत पहिला हात तिचाच वर गेला. म्हणाली, "माझ्या आईच्या वेळी एका ओहोटीत पिशवी भरायची. आता चार ओहोट्या लागतात. बंद करा."

तो हात कुणाच्या लक्षात राहिला नाही. चौकटींची नोंद ठेवायला पाण्यातल्या पाटीवर लिहिता येणारी बाई हवी होती, आणि मी दवाखान्यात अडकलेली; मला सोडलं तर पोहता व लिहिता, दोन्ही येणारी एकच बाई गावात होती.

वर्षभरात काकू या प्रवाळाच्या नर्सरीची प्रमुख झाली. साठ चौकटी, प्रत्येकीला क्रमांक, दर पंधरा दिवसांनी मोजमाप. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तो खडक सांभाळायला गावाने नेमलेल्या समितीच्या खोलीत लॅमिनेट करून लावला. ती खोली झाडायची पाळी आठवड्यातून एकदा आईची असे. ती कपाट पुसायची, खुर्च्या पुसायची, खिडकीचे गज पुसायची. फोटो सोडून.

पण खरी ठिणगी पडली ती नकाशाने. काकूने खडकांचा मोठा नकाशा काढला. त्यात म्हातारीचा जबडा होता, उंबरठा होता, रुसलेलीही होती. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नावे: गावकऱ्यांकडून'. मीच आईला ते वाचून दाखवलं.

"गावकरी म्हणजे कोण गं?" आई म्हणाली.

"सगळेच."

"सगळ्यांनी नावं ठेवली होय? मी माणसांना ठेवते तेवढी पुरत नाहीत, म्हणून खडकांना ठेवली. गावकरी म्हणे!"

त्या दिवसापासून तिला काकूचं काहीच बघवेना. काकूने बादली भरली की नळाला धार बारीक होते, काकू हसली की दात दाखवते, काकू गप्प बसली की माजली. मी एकदा म्हटलं, "तू तिच्याकडून लिहायला शीक ना." त्यावर दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी पाणी तापलं. पाच आठवडे वाऱ्याची झुळूक नाही, आणि समुद्र आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखा कोमट. प्रवाळ आधी विचित्र चमकू लागला, मग फिकट झाला, मग पांढरा पडत गेला. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. पाणी निवलं तर वाचतो, नाहीतर त्याच्यावर शेवाळ चढतं आणि मग संपलं. काकू रोज चौकटी बघून यायची, नळाखाली पाय धरून कितीतरी वेळ उभी राहायची.

सभा भरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चौकटी हलवता येतील. पण थंड पाणी हवं आणि उजेडही हवा. खोलात नेल्या तर उजेड मिळत नाही. अशी जागा कुणाला माहीत आहे का?"

काकू उठून उभी राहिली. "कुणीही सांगा. थोडंसं आठवत असलं तरी सांगा. मी तुमच्या पाया पडते."

आईला माहीत होतं. बाहेरच्या खडकामागे एक रुंद फट आहे. खालून गार पाणी वर येतं, भर दुपारीही पोटऱ्यांना झोंबतं. आई एकोणीस वर्षांची असताना असंच पाणी तापलं होतं, सगळा खडक पांढरा झाला होता, आणि फक्त त्या फटीत रंग राहिला होता. ती जागा तिने कुणालाच दाखवली नव्हती. खडकावर फिरणारी प्रत्येक बाई एक जागा स्वतःपुरती ठेवते, त्यात गैर काही नव्हतं. पण आता विचारणारी काकू होती.

मी आईच्या शेजारी बसले होते. तिने एकेक करून दहाही बोटं मोडली.

"मला वाटलं, मी सांगायचं आणि नकाशावर लिहिणार, गावकऱ्यांकडून," असं तिने मला नंतर सांगितलं. "वाटलं, होऊ दे हिची फजिती एकदा. एकदाच."

अकरा दिवस ती गप्प राहिली. कपडे धुतले, जाळी शिवली, खोली झाडली. काकूने तोवर हात-पाय गाळले नव्हते. तिने दोरीला थर्मामीटर बांधला आणि काकाच्या होडीतून खडकाची कड वीतवीत तपासायला लागली. अकराव्या दिवशी दुपारी ती मागच्या पायरीवर चहा घेत बसली होती, नाकाची सालं निघालेली, मांडीवर नकाशा. आई कपडे वाळत घालत होती.

"ताई, बघा ना," काकू म्हणाली. "कालपासून इकडे थर्मामीटरचा पारा जरा खाली येतोय. उद्या हा कोपरा बघते."

तिचं बोट फटीपासून नखाएवढ्या अंतरावर होतं.

आईच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला. ती म्हणते, "मला त्या प्रवाळाची दया आली असं तू लिहिशील. आली नव्हती. मला एवढंच दिसलं, की उद्या ही माझी जागा शोधणार, आणि मग ती जागाही हिचीच होणार."

"तू नको जाऊस," आई म्हणाली. "तिथे मी नेते. आत्ता ऊठ."

दोघी गेल्या. काकूने थर्मामीटर सोडला, वर ओढला, पुन्हा सोडला. मग आईच्या गळ्यात पडून रडली. आई म्हणाली, "होडी कलंडेल."

पुढचे तीन दिवस गाव पाण्यात होतं. अकरा होड्या, पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची टबं, वर ओली पोती. कुठली चौकट कुठल्या कपारीत बसेल हे आई सांगायची आणि दणकट बापे निमूट ऐकायचे. डॉक्टरबाईंनीही दोनदा बोलणी खाल्ली. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काकूने नोंदी वाचल्या. "सभेच्या दिवशी साठातल्या चोपन्न जिवंत होत्या. फटीत पोचल्या अडतीस. मधल्या अकरा दिवसांत सोळा गेल्या." मग तिने वही मिटली आणि म्हणाली, "या अडतीस ताईंमुळे आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रवाला आला तेव्हा काकूनेच आईला पुढे ढकललं. नकाशाही नव्याने काढला, प्रत्येक नावापुढे आईचं नाव घालून.

हवं होतं ते सगळं मिळालं, आणि आईला जेवण जाईना. सोळा, सोळा, असं ती भांडी घासताना पुटपुटायची. आठवडाभराने अंगणात बादल्या धुताना तिने काकूला सांगून टाकलं.

"मला सभेच्या दिवशीच माहीत होतं."

काकूला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"ती जागा. तू विचारत होतीस म्हणून नाही सांगितली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित सांगितली असती."

काकूने हातातली बादली खाली ठेवली. "माझा राग होता तर मला दोन थोबाडीत मारायच्या होत्या, ताई," ती म्हणाली. "मी खाल्ल्या असत्या."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. पण तिने हे कुणालाही सांगितलं नाही, काकालाही नाही, आणि नकाशावरचं नावही खोडलं नाही. आईला तेच जास्त लागलं. "निदान गावभर केलं असतं तर मला भांडता आलं असतं."

चार महिने दोघींचं बोलणं बंद. काम मात्र चुकलं नाही, दोघी एकाच होडीतून जायच्या. बिचारा काका मध्ये बसून निरोप पोचवायचा. "त्यांना सांगा, दोर सोडा." "तिला सांग, सोडलाय." हाताच्या अंतरावर बसून! एकदा काका वैतागून पाण्यात उतरला आणि पोहत घरी आला. त्या दिवशी नाइलाजाने काकू म्हणाली, "पाणी कसं वाटतंय?" आईने हात बुडवून सांगितलं, "निवलंय. आता चौकटी परत नेल्या तरी चालतील." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या दोन वाक्यं जास्त बोलल्या.

अडतीसपैकी एकतीस चौकटी जगल्या. आईचं जळणं गेलं असं मी म्हणणार नाही. काकूला परदेशी परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, "जा की. मला कुठे वेळ आहे?" आणि पुढे तीन दिवस घरात कुणाचं काही तिला पटेना.

गेल्या वर्षी बंद भागातल्या मेलेल्या खडकावर नखाएवढे नवे प्रवाळ दिसले, कुणी न बांधलेले, आपोआप धरलेले. ते आईला दिसले नाहीत आणि काकूलाही नाहीत. होड्या रंगवणाऱ्याच्या नव्या सुनेने पाहिले, ती पाण्यात उतरायला लागून दोन महिनेही झाले नव्हते. डॉक्टरबाईंनी भर सभेत तिची पाठ थोपटली, समितीच्या खोलीत तिचा फोटो लागला.

संध्याकाळी मी घरी गेले तर दोघी मागच्या पायरीवर चहाचे कप घेऊन बसल्या होत्या.

"दिसले म्हणजे काय," काकू म्हणत होती, "तिथून रोज आपणच तर जातो."

"आणि पोहते कशी बघितलीस?" आई म्हणाली. "झाडू मारल्यासारखी."

काकू हसली, आणि सरकून आईला भिंतीला टेकायला जागा करून दिली.