चिन्नोर मांजरीचं वजन

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू नुसती पाहिलेली नाही. ती उचलूनच पाहिलेली आहे. वस्तूच काय, माणूससुद्धा. घरात नवं लेकरू आलं की आपण त्याचं नाक कोणावर गेलंय ते बघतो. साडू त्याला तळहातावर घेतात, दोनदा अलगद वरखाली करतात आणि बाळंतिणीच्या देखत सांगतात, "तीन किलोच्या आत आहे. पण दाणा टपोरा." माझ्या लग्नात सप्तपदी आटोपल्यावर त्यांनी मला मिठी मारली. मला वाटलं, माया. पण मिठीतल्या मिठीत त्यांनी माझे पाय जमिनीपासून सोडवले, मला जागच्या जागी परत ठेवलं आणि आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "पोरगा दिसते भरीव, पण आतून पोकळ आहे वं." तेव्हापासून आमच्या ताई मला प्रत्येक पंगतीत दोन पुरणपोळ्या जास्त वाढतात.

कळमन्याच्या बाजारात साडूंनी उभी हयात धान्याची दलाली केली. त्यांचा उजवा हात म्हणजे काटा होता. असं सांगतात की एकदा तिथला नवाकोरा इलेक्ट्रिक काटा आणि साडूंचा हात यांच्यात मूठभर हरभऱ्यावरून मतभेद झाला, तेव्हा दुरुस्तीवाला आला आणि त्याने काटा उघडून त्याच्यातली झुरळं काढली. पुढे म्हणे इतवारीचे सोनारसुद्धा आपले काटे साडूंच्या हाताशी ताडून न्यायला येत. ही हकीकत मला खुद्द साडूंनीच सांगितली असल्याने तिच्या खरेपणाबद्दल मी काही बोलत नाही.

बाजार सुटला तरी बाजाराची मोजणी काही सुटली नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते. साडू पोळ्या याच हिशोबाने खातात, जोर याच हिशोबाने काढतात, आणि जिना चढतानाही पहिल्या मजल्याला लाभच म्हणतात. एकदा कुरिअरवाल्याने फोनवर घराचा पत्ता विचारला. साडूंनी सांगितलं, "लाभ सोडा, दोन सोडा, मग तिसऱ्यावर या." तो भला माणूस खाली वॉचमनला लाभसाहेबांचा फ्लॅट विचारत बसला होता.

तर या घरात चिन्नोर आली. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. मांजर तशीच पांढरी, म्हणून साडूंनी ते नाव ठेवलं. बाकी तिच्यात सुवासिक असं काही नव्हतं, निदान बाथरूमशेजारी तिचा रेतीचा टब होता त्या बाजूला तरी. साडूंनी धंदा सोडल्यावर दुपार कशी काढावी हा प्रश्न होता, तो तिने सोडवला. ती त्यांच्या पोटावर झोपायची आणि ती उठेपर्यंत साडू हलायचे नाहीत. एका दुपारी गॅसवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. ताई भाजी आणायला गेल्या होत्या, आल्यावर त्यांनी विचारलं, तर साडू कुजबुजले, "हळू बोल वं. आत्ताच लागला तिचा डोळा."

दर रविवारी चिन्नोरचं वजन व्हायचं. पण मांजर काही काट्यावर थांबत नाही. मग साडू तिला कडेवर घेऊन स्वतः काट्यावर उभे राहत आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे ब्याऐंशी किलो वजा करत. हे ब्याऐंशी कुठले, तर कळमना सोडला त्या दिवशी हमालांनी प्रेमाने त्यांना पोत्यांच्या काट्यावर बसवलं होतं, तेव्हाचे. "बारदान एकदा तोलायचं," साडू म्हणत. बारदान म्हणजे रिकामं पोतं. भरल्या वजनातून त्याचं ठरलेलं वजन कापायचं, की उरला तो माल. "रोज रोज पोतं कोणी तोलते का गा?"

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज असा होता की मी पंखा बंद केला.

"साडूभाऊ, चिन्नोर उतरून राहिली."

"कुठून?"

"कुठून काय? वजनातून. पाच भरत होती, तीनवर आली."

मी गेलो. चिन्नोर कूलरसमोर उशीएवढी पसरली होती. मला ती चांगली गुटगुटीत वाटली. तसं म्हणालो, तर साडूंनी माझ्याकडे भेसळीचं तिखट पाहावं तसं पाहिलं. मग मला हाताला धरून टबाशी नेलं. कळमन्यात पोत्यात खुपसून नमुना काढायची एक टोकदार लोखंडी नळी असते. ती त्यांनी घरी आणून ठेवली होती, आणि आता ती रेतीत खुपसून त्यांनी माझ्यासमोर नमुना काढला. ओली रेती, तिचे लिंबाएवढे गोळे.

"पाहा. ओल वाढली. पहिले सुपारीएवढे येत होते. मालात काहीतरी बिघाड आहे."

"भाऊजी, उन्हाळा आहे. पाणी पीत असेल."

"तांब्यावर तांबे पिऊन राहिली. म्हणूनच तर भेव वाटते."

हे मात्र खरं होतं. घरात जिकडे पाहावं तिकडे पाणी होतं. पलंगाखाली तांब्या, टीव्हीशेजारी लोटी, खिडकीत सुरई. साडूंनाच हल्ली सारखी तहान लागत होती. ते अर्धा तांब्या पिऊन खाली ठेवत आणि उरलेला चिन्नोर संपवत असे. ताई म्हणाल्या, "मांजर राहू द्या जी, तिच्या काळजीनं ह्यायचाच पायजमा घसरून राहिला. रात्रभर उठबस चालू आहे. पाहायला जातात म्हणे, ती टबात गेली का."

"मग नको पाहू?" साडू म्हणाले आणि नाडी घट्ट करत बाथरूमकडे गेले.

परत आल्यावर ते माझ्याशेजारी बसले. चिन्नोरला त्यांनी उजव्या तळहातावर घेतलं. मग ताई आत गेल्याचं पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "काटा तीन सांगून राहिला. आणि हात सांगते पाच. पाचाच्या वर. आजवर हात कधी खोटा बोलला नाही गा."

मला हसू येणार होतं, पण ते तिला पुन्हा पुन्हा अलगद वरखाली करत होते. मांजर जाईल ही एक भीती, आणि हात गेला ही दुसरी. दोन्हींचा बोजा त्या एका तळहातावर होता.

पुढच्या रविवारी चिन्नोर दोन किलोंवर आली. याच चालीने ती पंधरवड्यात शून्यावर येईल आणि पुढे उधारीवर जगेल, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. आम्ही तिला भाजीच्या झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. साडूंनी नमुन्याची रेतीही एका डब्यात घेतली होती. तो डबा ताईंचा लोणच्याचा निघाला, आणि त्यावरून रिक्षात जे झालं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या. त्यांनी डबा न उघडता बाजूला ठेवला आणि विचारायला सुरुवात केली.

"पाणी जास्त पिते का?"

"फार," साडू म्हणाले.

"लघवी?"

"टब भिजून राहिला."

"खाणं?"

"खाणं जोरात आहे, तेच तर."

"आणि तरी वजन उतरतंय. सुस्त असते?"

"दिवसभर पडून राहते."

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. मांजरांनाही साखरेचा आजार होतो, असं त्या म्हणाल्या. साडूंनी टोपलीची कडी घट्ट धरली. मग डॉक्टरबाईंनी चिन्नोरला मानेशी हलकेच धरून छोट्या काट्यावर बसवलं. पाच किलो आणि वर थोडं. परत बसवलं. तेवढंच.

"काका, घरी वजन कसं करता तुम्ही?"

साडूंनी बारदानाची रीत समजावून सांगितली. डॉक्टरबाईंनी ती लक्ष देऊन ऐकली.

"आणि तुमचं वजन शेवटचं कधी केलं?"

"माझं काहून?" साडू म्हणाले. "मी तर बारदान आहे."

ताई साडूंकडे पाहत होत्या, पायापासून वरपर्यंत, जणू कपाटातून बऱ्याच दिवसांनी काढलेली वस्तू पाहावी तशा. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मघाचे सवाल पुन्हा विचारा जी. आता मांजरीचे नका समजू." आणि डॉक्टरबाईंची वाट न पाहता स्वतःच उत्तरं देऊ लागल्या. पाणी, हो. लघवी, हो. खाऊन खाऊन बारीक, हो. दुपारभर पडून, हो.

भिंतीशी मोठ्या कुत्र्यांसाठीचा सपाट काटा होता. साडू चपला काढून त्याच्यावर उभे राहिले, अगदी देवळात उभे राहावे तसे. आकडा ब्याऐंशीच्या तीन किलो खाली थांबला. त्यांनी तो वाचला, मग आपला उजवा तळहात उघडून पाहिला.

"म्हणजे हात बरोबर होता," ते म्हणाले. "माल पाचच होता. पोतं उतरलं." आणि मोठ्याने हसले. हसणारे ते एकटेच होते.

माणसांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी साखर पकडली. गोळ्या सुरू झाल्या, संत्रा बर्फी बंद झाली, तांबे एकेक करून मांडणीवर परत गेले. चिन्नोरच्या टबातले गोळेही सुपारीवर आले, आणि लोखंडी नळी ताईंनी एका भंगारवाल्याला परस्पर देऊन टाकली. साडू आता घराघरांतल्या माणसांना काट्यावर उभं करत फिरतात. मलाही केलं. "अजून पोकळच आहे," म्हणाले.

रविवारचं वजन मात्र चालू आहे, फक्त रीत बदलली. परवा मी तिथेच होतो. साडूंनी चिन्नोरला उचललं, तर ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून आपल्या कडेवर घेतली. "पहिले तुम्ही एकटे," त्या म्हणाल्या. साडू कुरकुरत काट्यावर चढले. ताई चष्मा लावून खाली वाकल्या. आकडा इकडेतिकडे हलला आणि ठरला. त्यांनी तो वाचून दाखवला नाही. नुसत्या, स्वतःशी पुटपुटल्यासारख्या, म्हणाल्या, "लाभ."

मग मांजर त्यांच्या हातात दिली.